दुरुस्तीची नोंद

मंगळवार, रात्री आठ. हिशेबाचा वर्ग.
नारीनमध्ये बाहेर उणे बावीस,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी लॅपटॉप उघडते
आणि पडद्यावर एकोणीस चौकोन उगवतात.

उलानचा कॅमेरा सुरू. तो मॉस्कोत,
बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत दुमजली पलंगावर आडवा,
मागे कुणी मोजे वाळत घालतंय, कुणी शिव्या देतंय.
त्याचं त्याला काही नाही.
"एजे, मी सांगतो!" म्हणतो, चुकीचं सांगतो,
हसतो, आणि पुन्हा चुकीचंच सांगतो.
मला आवडतो तो. खोटं कशाला बोलू?

बुरुलचाचा चौकोन काळा.
त्यावर तिचं नावही नाही,
नवऱ्याच्या फोनचं मॉडेल आहे.
सहा आठवडे हजेरीत मी तेच लिहीत आले.

पहिल्या आठवड्यात एकदाच चुकून तिचा माईक उघडला:
मूल खोकत होतं, कढईत तेल तडतडत होतं,
एक म्हातारा आवाज विचारत होता, "कुणाशी बोलतेस?"
आणि खटकन सगळं बंद,
परकं माणूस दारात दिसताच
डोईवरचा रुमाल सावरावा तसं.

तेव्हापासून ती लिहिते,
पडद्याच्या तळाच्या पट्टीत, बारीक अक्षरात,
प्रत्येक प्रश्नाआधी: माफ करा, सगळ्यांचा वेळ घेते.
तिचा गृहपाठ येतो रात्री एक वाजून सतरा मिनिटांनी.
उलानचा येतो रविवारी, किंवा येत नाही,
आणि न येण्याचं कारण मात्र तपशीलवार येतं.

त्या मंगळवारी मी विचारलं:
गालिचे करणाऱ्या बायकांच्या संस्थेने
चाळीस किलो लोकर उधारीवर घेतली.
दहा किलो भिजलेली निघाली, परत केली.
नोंद कशी कराल?

"लोकर नावे, रोकड जमा!" उलान.
"रोकड कुठून आली?" मी.
मग शांतता. कुणाचा तरी पंखा, की हीटर.
मग पुन्हा उलान, जरा हळू, वाचल्यासारखा:
"लोकर नावे, व्यापारी जमा.
परत केली त्याची नोंद वेगळी, उलटी."
"शाब्बास, उलान," मी म्हणाले.
वहीत त्याच्या नावापुढे एक गुण.

शनिवारी गुण भरताना चित्रफीत पुन्हा लावली.
पट्टीतलं वाक्य आठ एक्केचाळीस आणि सात सेकंदांचं.
त्याचा आवाज आठ एक्केचाळीस तीस.
तेवीस सेकंद माझ्या डोळ्यांखाली
ते उत्तर नुसतं उभं होतं.

आणि मी तरी काय?
दर शुक्रवारी आमच्या विभागाच्या बैठकीत
चहाची किटली शिट्टी मारायच्या आत
मीही माईक बंद करते,
मीही खाली लिहिते: क्षमस्व, एक सुचवू का?
माझी किती वाक्यं कुणाकुणाच्या खाती जमा आहेत
ते मी कधी मोजलं नाही,
हिशेब शिकवते तरी.

आमच्या विद्येत चुकीची नोंद खोडत नाहीत.
ती तशीच ठेवायची, दिसू द्यायची,
खाली तारीख घालून दुरुस्तीची दुसरी करायची.

म्हणून पुढच्या मंगळवारी, आठ वाजून दोन मिनिटांनी:
"मागचा गुण उलानच्या नावे पडला.
उत्तर बुरुलचाचं होतं. मी वाचलं नाही."

"हो, एजे," उलान म्हणाला, अगदी मोकळेपणाने,
"मी पट्टीतूनच वाचलं. तुम्ही विचारलंच नाही."
कुणीतरी हसलं. मी हसले नाही.

काळ्या चौकोनाच्या कडेला हिरवी रेघ उमटली.
आधी नुसतं तेल तडतडलं.
मग एक आवाज, मला वाटला होता त्याहून जाडा,
किंचित चिडलेलाही:
"एजे, ते राहू दे. पुढचं उदाहरण घ्या.
माझ्याकडे अकरा मिनिटं आहेत."

मी पान उलटलं.